पावडरीला मीच हात लावणार

दर सोमवारी सकाळी, कामाला लागायच्या आधी, हिराजीदादा आम्हा सगळ्यांच्या सह्या घ्यायचे. हजेरीच्या नव्हेत, हजेरीसाठी दारात अंगठ्याचं मशीन होतं. ही त्यांची स्वतःची वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात पूर्ण नाव लिहायचं, मराठीत, घाई न करता, आणि खाली सही करायची. लिहून झालं की ते विचारायचे, "तोंडाला चव कशी हाय? पितळेचा चमचा चोखल्यागत नाय ना लागत?" आपण नाही म्हटलं की मान हलवून ते पुढच्याकडे वळायचे.

पहिल्या सोमवारी मला हसू आलं होतं. मी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन तळोज्यातल्या त्या खाजगी प्रयोगशाळेत लागले होते. आजूबाजूच्या कारखान्यांचं सांडपाणी आमच्याकडे तपासायला यायचं. हिराजीदादा तिथले सगळ्यांत जुने. हुद्दा लॅब अटेंडंटचा, शिक्षण आठवीपर्यंत, वय पन्नाशीच्या पुढे. अंगानं सडपातळ, शर्टाची बाही कायम मनगटापर्यंत खाली आणि बटण लावलेलं. जवळच नदीकाठी त्यांचं गाव. मला ते पहिले दोन दिवस मॅडम म्हणाले, तिसऱ्या दिवसापासून 'बाय' म्हणायला लागले आणि मग तेच राहिलं.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त व्हायची ती सीओडीची तपासणी. पाण्यात घाण किती आहे ते तीवरून कळतं. पण पाण्यात मीठ असलं की आकडा खोटा येतो, घाण आहे त्याहून जास्त दिसते. ते मीठ बांधून ठेवायला नमुन्यात चिमूटभर मर्क्युरिक सल्फेट घालावं लागतं. ही पाऱ्याची पांढरी पावडर. मग ॲसिड, मग नारिंगी डायक्रोमेट, आणि दोन तास उकळणं. खाडीच्या बाजूचे नमुने इतके खारट असायचे की पावडर नेहमीपेक्षा जास्त लागायची. हिराजीदादांनी बाकी सगळ्या रसायनांना आपली घरगुती नावं दिली होती. ॲसिडला ते 'जाळ' म्हणायचे, डायक्रोमेटला 'नारिंगी'. फक्त मर्क्युरिक सल्फेटचं नाव ते पूर्ण घ्यायचे, तेही आवाज खाली आणून.

ती पावडर ते दुसऱ्या कुणाला तोलू देत नसत. मी पहिल्यांदा चमचा उचलला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "पावडरीला मीच हात लावनार. तू नारिंगी बघ." ते रजेवर असले तरच आमच्यावर पाळी यायची. उकळून झालेलं पाणी बेसिनमध्ये ओतायला बंदी होती. ते निळ्या कॅनमध्ये जायचं, आणि कॅन भरला की घातक कचरा घेणारी गाडी येईपर्यंत ते त्याला कुलपात ठेवायचे. पावडर संपली की रिकामी बरणीसुद्धा तशी टाकायची नाही. सळई तापवून ते तिच्या बुडाला भोक पाडायचे, म्हणजे कुणी ती घरी नेऊन तिच्यात काही भरणार नाही.

प्रयोगशाळेचे मालक, आमचे साहेब, गमतीनं म्हणायचे की हिराजी मला पोलीस वाटतो. पण मला त्यांच्या भीतीची लागण झाली. मी हात इतके धुवायचे की बोटांची कातडी फुटायला लागली. एकदा डब्यातली भाजी खाताना तोंडाला खरंच धातूची चव आली. दिवसभर मी जिभेनं दात चाचपत बसले आणि संध्याकाळी घरी, नवीन पनवेलला, सासूबाई म्हणाल्या की भाजी कल्हई गेलेल्या पातेल्यात झाली होती. हे हिराजीदादांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाले.

एवढी भीती का, हे त्यांनी मला सहा महिन्यांनी सांगितलं. तरुणपणी ते एका लहान कारखान्यात होते. तिथे पाऱ्याचे क्षार बनायचे. काही प्लॅस्टिकच्या कारखान्यांना जायचे, काही बटणाएवढ्या सेलसाठी, काही रंगाला बुरशी धरू नये म्हणून. पत्र्याच्या शेडमध्ये दोघं जण समोरासमोर बसून ड्रम भरायचे, तोंडाला फडकं बांधून. समोरचा बाबू नावाचा त्यांच्याच वयाचा माणूस. मोठा बोलका. तो हळूहळू लाजायला लागला. कुणी बघितलं की तोंड फिरवायचा, कुणी मोठ्यानं हाक मारली की डोळ्यांत पाणी आणायचा. सगळे त्याची चेष्टा करायचे, आणि मीही करायचो, असं हिराजीदादा म्हणाले. मग हिरड्या सुजल्या, दात हलले, आणि हात असे थरथरायला लागले की चहाचा कप दुसऱ्यानं धरावा लागायचा. हजेरीच्या रजिस्टरात दोघांच्या सह्या एकाखाली एक असायच्या. बाबू गेल्यावर हिराजीदादांनी ते रजिस्टर मागून घेतलं आणि पानं उलटली. दर महिन्याला बाबूची सही थोडी थोडी विस्कटत गेली होती. वर्षभर ती त्यांच्या डोळ्यांसमोर विस्कटत होती आणि त्यांनी बघितली नव्हती.

कारखाना पुढे बंद पडला. त्यांना दुसरीकडे काम मिळालं ते आमच्या प्रयोगशाळेत, आणि तिथेही तोच पारा.

आता मी माझी चूक सांगते. एका शनिवारी हिराजीदादांनी रजा घेतली होती. पाय दुखतात म्हणाले. त्या दिवशी पावडर मी तोलली आणि बरणी संपली. दुसरी फोडली. रिकामी बरणी कपाटात ठेवून कुलूप लावायचं, हे मला माहीत होतं. पण कपाट पलीकडच्या खोलीत होतं आणि माझे नमुने उकळत होते. मी ती बेसिनच्या कट्ट्यावर ठेवली. सोमवारी दादा भोक पाडतील, असं मनात म्हटलं आणि विसरून गेले.

सोमवारी सह्या झाल्यावर ते कपाटाकडे गेले आणि लगेच परत आले. एक रिकामी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी कट्ट्याकडे बघितलं. कट्टा लखलखीत पुसलेला होता.

शनिवारी दुपारी मंजुळा साफसफाईला आली होती. पळस्प्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी वाडी आहे, तिथून ती यायची. त्या सोमवारी ती आली नव्हती. गेटवरच्या वॉचमननं सांगितलं की शनिवारी जाताना तिच्या पिशवीत पांढरी बरणी होती, झाकण फिरकीचं, चांगली होती, म्हणून त्यानं काही विचारलं नाही. तिचा फोन लागत नव्हता.

हिराजीदादांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे घेतले आणि म्हणाले, "गाडी काढ."

माझ्या स्कूटीवर आम्ही निघालो. पनवेल ओलांडून पळस्प्याकडे, न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत. वाटेत मी मनातल्या मनात हिशेब करत होते की बरणीच्या तळाशी, आट्यांमध्ये किती पावडर राहिली असेल, आणि किती असली म्हणजे लहान मुलाला पुरे होते. हे गणित मला येत होतं, आणि ते येत होतं याचीच भीती वाटत होती. मागे बसलेल्या दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो थरथरत होता. रस्ता खराब आहे, म्हणून असेल, असं मला वाटलं.

मंजुळा दारातच बसली होती. आम्हाला बघून उठली आणि आत जायला लागली. तिची तीन वर्षांची मुलगी गोधडीवर पडून होती. काल संध्याकाळपासून दोनदा ओकली होती, म्हणून मंजुळा कामाला आली नव्हती. सहा वर्षांचा मुलगा अंगणात बसून आमच्याकडे बघत होता. बरणीचं विचारल्यावर मंजुळा म्हणाली की तिनं काही नेलं नाही. तिच्या सासूनंही तेच सांगितलं, आणि मग ती जरा चढ्या आवाजात बोलायला लागली की गरिबावर आळ घ्यायला एवढ्या लांब आलात काय.

मी काहीतरी समजावायला गेले. हिराजीदादांनी मला हातानं थांबवलं आणि ते सरळ खाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले. मंजुळाकडे न बघता, मुलाकडे बघत बोलले.

"चोरी इचारायला नाय आलो, मंजुला. साहेबाला पन सांगनार नाय. त्या बरनीला मी भितो. एवढा म्हातारा झालो तरी भितो. माझा एक दोस्त तिच्यापायी गेला. तुझी पोरं बघायला आलोय."

मग मंजुळा आत गेली आणि चुलीजवळच्या फळीवरून बरणी घेऊन आली. तिच्यात मीठ होतं, निम्म्यापेक्षा थोडं कमी.

ती म्हणाली की तिनं राखेनं दोनदा घासली होती. पहिल्यांदा पाणी घातलं तेव्हा आत पिवळं पिवळं झालं होतं. पावडर पांढरी आणि पाण्यात पिवळी, याचं तिला नवल वाटलं होतं. मग चांगलं स्वच्छ झालं, असं तिला वाटलं. हिराजीदादांनी बरणी उजेडात धरली. झाकणाच्या आट्यांमध्ये अजून पिवळी रेघ होती. रविवारपासून तीन वेळच्या जेवणात ते मीठ गेलं होतं.

ओकारी मिठामुळे की आणखी कशामुळे, हे तिथे कुणालाच सांगता येत नव्हतं. दादांनी मिठासकट बरणी पिशवीत घातली, ती दुसऱ्या पिशवीत, मग तिसऱ्या पिशवीत. वाडीतल्या एकाची रिक्षा होती. तिच्यात मुलांना, मंजुळाला आणि सासूला बसवून आम्ही पनवेलच्या एका दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीण बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलीला सलाइन लावावं लागेल, दोन्ही मुलांचं रक्त आणि लघवी तपासायला मुंबईला पाठवावी लागेल, असं त्या म्हणाल्या. नर्स सुई घेऊन आली तशी मंजुळानं मुलीला उचलून छातीशी धरलं आणि ती दाराकडे निघाली. तिची वाडीतली एक नणंद अशीच दवाखान्यात आली होती आणि परत घरी आली नव्हती. सासू तर आधीच व्हरांड्यात जाऊन उभी राहिली होती. मी मंजुळाला पारा शरीरात काय करतो ते सांगायला लागले, आणि जितकं सांगितलं तितकी ती मागे सरकली.

तेव्हा हिराजीदादा खुर्चीवर जाऊन बसले. मनगटाचं बटण काढलं, बाही वर केली आणि नर्सला म्हणाले, "पयला माझा घ्या. माझा घेतला की पोरांचा घ्या. बघ मंजुला, काय होतं का मला."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. हात टेबलावर ठेवला होता, तरी तो स्थिर राहत नव्हता. नर्सनं मनगट धरून ठेवलं तेव्हा कुठे सुई लागली. मंजुळा बघत उभी राहिली. मग तिनं मुलीला खाटेवर ठेवलं.

मुलांच्या नमुन्यांबरोबर डॉक्टरीण बाईंनी दादांचं रक्त आणि लघवीही मुंबईला पाठवली. अहवाल यायला पाच दिवस लागणार होते. मुलीची ओकारी दुसऱ्याच दिवशी थांबली, पण डॉक्टरीण बाई म्हणाल्या की तेवढ्यावरून काही ठरवता येणार नाही. ते पाच दिवस मी कसे काढले, ते माझं मलाच माहीत. जेवायला बसले की पानातलं मीठ दिसायचं. नवरा म्हणायचा, तू मुद्दाम केलं नाहीस. मुद्दाम केलं नाही, हे मलाही कळत होतं. त्यानं मुलीला काय फरक पडणार होता?

त्याच आठवड्यात एका दुपारी हिराजीदादा बँकेत गेले होते आणि मी त्यांच्या टेबलावरची निळी वही उघडली. नुसती चाळायला. प्रत्येक पानाच्या शेवटी त्यांचीही सही होती. हे मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. आम्ही आपापली ओळ लिहायचो आणि वही पुढे सरकवायचो. मी मागची पानं उलटली, मग कपाटातून त्याआधीच्या वह्या काढल्या. सर्वांत जुन्या वहीत 'हिराजी' शब्दावरची रेघ पट्टीनं मारल्यासारखी होती. मग ती वाकली. मग तिला दाते पडले. शेवटच्या पानावर 'जी'ची वेलांटी दोन तुकड्यांत होती. बाकी आमच्या सगळ्यांची अक्षरं होती तशीच.

मी वह्या जागच्या जागी ठेवल्या. त्यांना काही विचारायचं धाडस झालं नाही. मागची पानं आमच्यापैकी कुणी उलटत नव्हतं. ते उलटत होते, दर सोमवारी.

पाचव्या दिवशी मी आणि ते दवाखान्यात गेलो. मंजुळा मुलांना घेऊन आधीच आली होती. मुलांच्या अहवालात पारा होता, पण अगदी थोडा. मूत्रपिंडं ठीक होती. महिन्यानं पुन्हा तपासू, पण घाबरू नका, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं. मंजुळाचं सगळं लक्ष मुलीच्या हातातल्या बिस्किटाकडे होतं. तिला बहुधा 'घाबरू नका' एवढंच ऐकू आलं. मला रडू आवरेना. हिराजीदादांनी हात जोडले. मग डॉक्टरीण बाईंनी दादांचा कागद समोर घेतला आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. ते म्हणाले की ही राहू दे.

त्यांच्या लघवीत पारा खूप होता आणि प्रथिनंही जात होती. डॉक्टरीण बाईंनी त्यांची पँट घोट्यापर्यंत वर करायला लावली आणि बोटानं दाबून बघितलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. किती दिवस सूज आहे, असं त्यांनी विचारलं. दोन पावसाळे झाले, असं दादा म्हणाले. आणि हाताचं? त्यांनी बाही खाली ओढून मनगटाचं बटण लावलं.

बाहेर आल्यावर ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले. मी विचारलं की आम्हा सगळ्यांना दर आठवड्याला तपासत होतात, मग स्वतः का नाही आलात. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"कागदावर आलं का खरं होतं, बाय," ते म्हणाले. "नाय आलं तर मानूस म्हनू शकतो, वय झालं. मी बाबूला बघितला हाय. मला ते बघायचं नव्हतं परत."

मग ते पावडर फक्त स्वतःच का तोलत होते, हेही मला तिथेच कळलं. आपल्यात काही शिरलंय, हे त्यांना आधीपासून वाटत होतं. शिरलंच आहे, तर आणखी कुणाच्या अंगात कशाला, असा त्यांचा सरळ विचार होता. त्या खोलीतला धूर ओढणारा पंखा बंद पडला होता. तो दुरुस्त करा, म्हणून त्यांनी साहेबांना सांगितलं होतं, आणि दुरुस्त होईपर्यंत आमची पाळी स्वतःवर घेतली होती. पंखा दुरुस्त झालाच नव्हता.

मी साहेबांकडे गेले. बरणीचं सांगितलं ते माझ्या नावावर, मंजुळाचं नाव घेतलं नाही. तो शब्द दादांनी दिला होता. दादांचा अहवाल टेबलावर ठेवला. साहेब वाईट माणूस नव्हते, आळशी होते. अहवाल त्यांनी दोनदा वाचला आणि पाणी मागितलं. आठवड्याभरात नवा पंखा बसला. पुढे तयार बंद नळ्या आल्या. त्यांच्यात पावडर आधीच मोजून घातलेली असते, तोलावी लागत नाही. पारा त्यांच्यातही आहे, फक्त तो आता कुणाच्या नाकासमोर उडत नाही. हिराजीदादांना गेटवर बसायचं काम दिलं. औषधं सुरू झाली. हाताची थरथर थोडी कमी झाली, पण मूत्रपिंडं काही सावरली नाहीत. सहा महिन्यांनी ते घरी बसले.

त्याच काळात आम्हा सगळ्यांची तपासणी करायचं ठरलं. सगळे जाऊन आले. मी गेले नाही. पहिल्यांदा सर्दीचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा नणंदेच्या लग्नाचं. खरं असं होतं की लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आम्ही मुलाचा विचार करत होतो. दादांच्या रजेच्या दिवशी पावडर तोलणारी मीच होते. कागदावर काही आलं असतं, तर ते कुणाला सांगितलं असतं? हातावर घड्याळ बांधतानासुद्धा मी बोटांकडे बघायचं टाळायचे.

त्यांना बघायला मी गावी गेले तेव्हा ते ओटीवर बसले होते. डायलिसिसनं अंग काळवंडलं होतं. त्यांची बायको आत तांदूळ निवडत होती. मंजुळाची चौकशी केली, तिची मुलगी बालवाडीत जाते हे ऐकून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी मला विचारलं की तुझी तपासणी झाली का. मी म्हटलं, व्हायची आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. असं बघितलं की मला खोटं बोलता येत नसे. मी सांगून टाकलं की मला भीती वाटते.

"मला बी वाटली," ते म्हणाले. "मी नाय गेलो. तू जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. अहवालाच्या दिवशी नवरा सोबत येतो म्हणाला, पण मी एकटीच गेले, आणि काउंटरवरून पाकीट घेऊन बाहेर जिन्यात उभी राहिले. उघडायला बराच वेळ लागला. आकडा मर्यादेच्या आत होता. पुष्कळ आत. मी खाली जिन्यावर बसले आणि पहिला फोन घरी न लावता हिराजीदादांना लावला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले, त्यामुळे आमचं हेच शेवटचं बोलणं.

फोन त्यांच्या बायकोनं त्यांच्या कानाला धरला असावा. मी आकडा सांगितला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

मी म्हटलं, नाही, सकाळपासून काही खाल्लं नाही, भीतीनं.

"मग आता जेव," ते म्हणाले.